‘मागच्या वेळी हाच कटर चालला होता’: वक्र पृष्ठभागाचं फिनिश बिघडतं तेव्हा काय तपासायचं

भोसरीच्या टूल रूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या कारखान्यात, १७ वर्षं झाली. आधी मशीनवर उभा होतो, आता प्रोग्रामिंगला बसतो. या काळात एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही ओळखेन: “सर, मागच्या वेळी हाच कटर लावला होता, एक नंबर फिनिश आलं होतं. आता बघा काय झालंय.” जाऊन बघावं तर कॅव्हिटीच्या (साच्याच्या खोलगट भागाच्या) गोलाईवर रेघा, नाहीतर माथ्यावर काळपट डाग, नाहीतर कोपऱ्यात उंदराने कुरतडल्यासारखे तरंग. मग नवा कटर, म्हणजे मशीनमध्ये फिरून स्टील कापणारं हत्यार, मागवतात, टूलवाल्याला शिव्या घालतात, कूलंटला दोष देतात. कटर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष निघतो. जुन्या जॉबचा, म्हणजे मशीनवर आधी केलेल्या कामाचा, अनुभव वापरणं चुकीचं नाही, उलट तोच आपला खरा धंदा. पण ज्या जॉबचा अनुभव उचलला, तो आताच्या जॉबसारखा होता का, हे कुणी बघत नाही.

हे सगळं मोल्ड-डायच्या, म्हणजे साच्यांच्या, स्टीलमधल्या फिनिशिंगबद्दल (शेवटच्या बारीक कापणीबद्दल), तीन अक्षांचं मशीन धरून लिहितोय; त्यात कटर कायम उभाच राहतो. पाच अक्ष असतील, म्हणजे कल देता येत असेल, तर काही गोष्टी सोप्या होतात, ते मध्ये सांगेन.

लक्षणं

मोबाईलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. खराबी कशी दिसते यापेक्षा ती कुठे आहे, ते जास्त बोलतं.

– उतार सगळे स्वच्छ, पण जिथे पृष्ठभाग आडवा होतो, म्हणजे घुमटाच्या माथ्यावर किंवा वाटीच्या तळाला, तिथे मंद, घासल्यासारखा डाग.
– मोकळ्या जागेत छान, आतल्या कोपऱ्यात शिरताच आवाज बदलतो आणि तरंग उठतात.
– एका उतारावर रेघा नखाला लागत नाहीत, दुसऱ्यावर लागतात. कटर तोच, प्रोग्राम तोच.
– गोलाई गोल नाही, हिऱ्यासारखे बारीक पैलू दिसतात.
– तळाला माप बरोबर, भिंतीला मटेरियल शिल्लक.
– घुमटावर ठरावीक ठिकाणीच बारीक पायरी, आणि कटर बदलला तरी ती तिथेच.
– फिनिश ठीक, पण जुन्या नोंदीत जो कटर पूर्ण कॅव्हिटी पुरला तो यावेळी अर्ध्यात गेला.

काहीही बदलण्याआधी फोटो काढा आणि जागा कागदावर लिहा. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग), आरपीएम (मिनिटाचे फेरे) आणि कटर एकदम बदलून फिनिश सुधारलं, तर पुढच्या वेळी नोंदीत काय लिहिणार?

१. जुनी नोंद पुन्हा वाचा (खर्च शून्य, दहा मिनिटं)

ही पायरी सगळ्यांत स्वस्त आणि सगळे हीच गाळतात. म्हणून इथे जरा थांबतो.

आमचीच चूक सांगतो. प्लास्टिकच्या एका डब्याचं झाकण होतं, भिंत २ मिमी. आतल्या कडेची गोलाई ४ मिमी, बाहेरची ६. आधी कोअर, म्हणजे झाकणाची आतली बाजू घडवणारा साच्याचा उंचवटा, झाला होता. वहीत नोंद: ‘झाकण, १२ बॉल नोज, फिनिश उत्तम’. म्हणजे १२ मिमी व्यासाचा, गोल टोकाचा कटर. पंधरवड्याने बाहेरची बाजू घडवणारी कॅव्हिटी लागली. रात्रपाळीच्या पोराने वही उघडली, झाकण शोधलं, १२ चा बॉल लावला. नोंद खोटी नव्हती आणि पोराने आळसही केला नव्हता. सकाळी चारही कोपऱ्यांत तरंग.

कोअरवर ती गोलाई उंचवट्याची, बाहेरची. तिच्यावर कुठलाही बॉल चालतो, कारण कटर एका ठिपक्यावर टेकतो आणि पुढे जातो. कॅव्हिटीत तीच कड आतली होते, त्रिज्या ६. आणि १२ च्या बॉलची त्रिज्याही ६. म्हणजे कोपऱ्यात गेल्यावर कटर त्यात तंतोतंत बसला. ठिपक्याऐवजी अख्खी कमान एकदम मटेरियलला भिडली, कापण्याचा जोर क्षणात वाढला, कटर थरथरला. झाकण तेच, पण कटरच्या दृष्टीने ते दोन अगदी वेगळे जॉब होते. ८ चा बॉल घेऊन फक्त कोपरे पुन्हा मारले, तरंग गेले. पॉलिशवाल्याने मात्र जे ऐकवायचं ते ऐकवलंच.

तेव्हापासून जुना जॉब शोधताना मी नाव बघत नाही. पाच गोष्टी जुळवतो:

आतल्या गोलाईची सर्वांत लहान त्रिज्या. कॅममध्ये, म्हणजे कटरचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वक्रता तपासायची सोय असते, एका क्लिकचं काम. माझा नेम असा की कटरची त्रिज्या त्याच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंतच. ६ च्या गोलाईला ४ किंवा ४.५ त्रिज्येचा कटर, ६ चा नाही.
खोली. कारण तिच्यावरून कटर किती बाहेर काढायचा ते ठरतं.
उतार, किती अंशांपासून किती अंशांपर्यंत.
स्टील आणि त्याचा कडकपणा. पी२० हे साधारण ३० एचआरसीला (रॉकवेल हे कडकपणाचं माप) तयार येतं, हार्ड केलेलं एच१३ ५० च्या आसपास. एकावरचा अनुभव दुसऱ्यावर लावणं म्हणजे सायकलच्या अनुभवावर ट्रक चालवणं.
नंतर काय होणार आहे: आरसा पॉलिश, टेक्स्चर, की तसंच.

पाचातल्या चार जुळल्या तर कटर उचला आणि न जुळलेल्या पाचवीपुरता बदल करा. दोनच जुळल्या तर ती नोंद नाही, नुसती आठवण आहे. आतली त्रिज्या जुळली नाही तर बाकी चार जुळूनही उपयोग नाही.

इंटर्नशिपला आलेल्या एका मुलाने मला सांगितलं की जुन्या प्रकरणावरून नवं सोडवायच्या या पद्धतीवर संगणकवाल्यांनी भरपूर काम केलंय. १९९४ साली आमोट आणि प्लाझा यांनी तिच्या चार पायऱ्या मांडल्या: जुनं प्रकरण शोधा, वापरा, दुरुस्त करा, दुरुस्त केलेलं जपून ठेवा. ऐकून हसू आलं. आमच्याकडे पहिल्या दोन जोरात चालतात. तिसरी मशीनवर उभं राहून होते, फीडचा नॉब फिरवून. चौथी कुणी करत नाही. वहीत ‘१२ बॉल, उत्तम’ राहतं, आणि ऑपरेटरने कोपऱ्यात फीड ६० टक्क्यांवर आणला होता हे त्याच्याबरोबर दुसऱ्या कंपनीत जातं.

म्हणून नोंदीत न चाललेले कटरही लिहा, आणि का चालले नाहीत तेही. ‘६ त्रिज्येच्या आतल्या कोपऱ्यात १२ बॉल, तरंग’ ही एक ओळ दहा ‘उत्तम’पेक्षा कामाची.

२. हातातला कटर मोजा (पाच मिनिटं)

डबीवर १० लिहिलंय म्हणजे आतला कटर १० चा असेलच असं नाही. धार लावून आलेला असेल तर तो ९.६ असू शकतो. प्रोग्रामला वाटतं त्रिज्या ५, खरी ४.८. लांबी टोकाला टेकवून घेतलेली असते, त्यामुळे तळ बरोबर येतो. भिंतीवर मात्र ०.२ मिमी राहतं आणि मधल्या उतारांवर त्याहून कमी, उतारागणिक वेगळं. ‘तळाला माप बरोबर, भिंतीला शिल्लक’ या लक्षणाचं मूळ मला बहुतेकदा इथेच सापडलंय. मायक्रोमीटर लावा, मशीनवर लेझर टूल सेटर असेल तर उत्तम. मग भिंगातून धार बघा. बॉलच्या टोकाला बारीक टवका असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या वाया जातील.

धार लावलेले कटर रफिंगला (सुरुवातीच्या जाड कापणीला) वापरा. फिनिशिंगला वापरायचेच असतील तर मोजलेली त्रिज्या घालून प्रोग्राम पुन्हा काढा.

३. डायल लावा, ओव्हरहँग मोजा

कटर स्पिंडलमध्ये (कटर फिरवणाऱ्या मशीनच्या दांड्यात) बसवून शँकला, म्हणजे कटरच्या दांडीला, लिव्हर डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा आणि हाताने फिरवा. ही डगमग म्हणजे रनआउट. फिनिशिंगला मला तो ०.०१ मिमीच्या आत हवा. ०.०२ ने काय होतं? दोन धारांचा कटर, प्रत्येक धारेला ०.०८ फीड दिलाय असं धरा. रनआउट ०.०२ असेल तर एक धार ०.१० कापते आणि दुसरी ०.०६. एकीवर जास्त भार, ती आधी जाते. पृष्ठभागावर एक खोल, एक उथळ अशी नक्षी उमटते, ती वेगळीच.

रनआउट जास्त निघाला की लगेच होल्डर बदलायला धावू नका. कोलेट (कटर पकडणारी बाही) काढा, पुसा, नटच्या आतली चकती पुसा, स्पिंडलचा टेपर पुसा. एका चिपने किती घोळ होतो ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. कोलेट जुना, तोंडाशी फाकलेला असेल तर फेकून द्या. चांगल्या कार्बाइड कटरपेक्षा तो स्वस्तच असतो.

आता ओव्हरहँग, म्हणजे होल्डरच्या बाहेर राहिलेली कटरची लांबी. कटर वाकणं हे बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ४० मिमीऐवजी ६० काढलात तर लांबी दीडपट, वाकणं जवळजवळ ३.४ पट. व्यासाचा हिशोब तर चौथ्या घाताचा: ८ ऐवजी ६ चा घेतला तर तेवढ्याच जोराला तिपटीहून जास्त वाकतो. जुन्या नोंदीत कटरचा व्यास असतो, आरपीएम असतो, पण तो किती बाहेर काढला होता हे लिहिलेलं मी क्वचितच पाहिलंय. फिनिश तर त्याच आकड्यावर उभं असतं. स्टीलची पट्टी लावा, आणि होल्डर धडकत नाही एवढंच बाहेर ठेवा. खोल जागेसाठी सरळ लांब कटरपेक्षा निमुळत्या मानेचा घ्या, किंवा श्रिंक फिटचा (तापवून कटर बसवायचा) बारीक होल्डर.

४. स्टेपओव्हर उताराशी ताडून बघा

कटरच्या शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर म्हणजे स्टेपओव्हर. बॉल नोजच्या त्या दोन फेऱ्यांमध्ये जो कंगोरा उरतो त्याची उंची काढायची रीत सोपी आहे: स्टेपओव्हरचा वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट. १० चा बॉल, ०.३ स्टेपओव्हर: ०.०९ भागिले ४०, म्हणजे सव्वादोन मायक्रॉन. ठीक. तोच ०.३ ठेवून ६ चा बॉल लावला की पावणेचार मायक्रॉन. म्हणून ‘कटर लहान घेतला, पण जुने आकडे तसेच ठेवले’ असं करू नका.

पण खरी मेख उतारात. समांतर रेघांच्या प्रोग्राममध्ये स्टेपओव्हर वरून बघून मोजलेला असतो. ६० अंशांच्या उतारावर त्या दोन रेघांमधलं खरं अंतर दुप्पट होतं, आणि कंगोरा चौपट. सव्वादोनचे नऊ मायक्रॉन झाले, नखाला लागणारच. एकेका थराने, म्हणजे झेड (उंची) ठरावीक ठेवून मारलेल्या प्रोग्राममध्ये याच्या उलट: उभ्या भिंती सुंदर आणि उथळ भाग जाड. जुना जॉब उथळ होता, नवा उभा आहे, तर कटर तोच ठेवून फक्त फिरवण्याची रीत बदलायची. उभ्या भागाला थर, उथळ भागाला समांतर रेघा, आणि दोन्हींत थोडा आच्छाद. पैसे शून्य, कॅममध्ये अर्धा तास.

५. माथ्यावरचा डाग

बॉल नोजच्या अगदी टोकाला वेग शून्य. फिरतो, पण कापत नाही, घासतो. १० चा बॉल, ०.२ खोली, आडवा पृष्ठभाग, तर प्रत्यक्ष कापणारा व्यास फक्त २.८ मिमी. ६००० आरपीएमला नोंदवहीत तुम्ही १८८ मीटर प्रतिमिनिट लिहिलंय, पृष्ठभागाला मिळतात सुमारे ५३. जुन्या जॉबला आडवा भागच नव्हता, म्हणून तो वेग तिथे चालला.

उपाय स्वस्तापासून महागाकडे: आरपीएम वाढवा, मशीन झेपत असेल तर. उथळ भागाला बॉलऐवजी बुल नोज (सपाट तळाचा, गोल कडेचा कटर) लावा, त्याच्या कडेला वेग भरपूर असतो. मात्र त्या जागी आतली गोलाई बुल नोजला सामावणारी हवी, नाहीतर खड्डा पडेल, आधी सिम्युलेशन बघा. पाच अक्ष असतील किंवा जॉब तिरपा बांधता येत असेल तर १५ अंश कल द्या. त्याच उदाहरणात कापणारा व्यास ५.२ होतो आणि मेलेलं टोक कामातून बाहेर पडतं.

६. पैलू दिसत असतील

यात कटरचा काही दोष नाही. कॅमचा टॉलरन्स, म्हणजे मार्ग मूळ आकारापासून किती ढळू शकतो ती मर्यादा, बघा. रफिंगचा ०.०५ फिनिशिंगला तसाच राहिला असेल. ०.००५ ते ०.०१ करा. मॉडेल एसटीएलमध्ये आलं असेल तर ते मुळातच त्रिकोणांचं असतं, तुम्ही टॉलरन्स कितीही बारीक करा, कटर इमानदारीने तेच त्रिकोण कापेल. ग्राहकाकडून स्टेप फाइल मागवा, तिच्यात खरे वक्र असतात.

७. कटर लवकर जातोय

आता थोडा खर्च. पोर्टेबल हार्डनेस टेस्टर आणा आणि एका जागी नाही, पाच-सहा जागी लावा. सर्टिफिकेट ब्लॉकचं असतं, पण जॉबवर मध्ये कधी वेल्डिंग झालं असेल तर तेवढाच पट्टा कडक निघतो. मोल्ड दुरुस्तीला आलेला असेल तर आधी हेच विचारा. ग्राहक आपणहून सांगत नाही.

दुसरं कारण सेमी फिनिशचं, म्हणजे रफिंग आणि फिनिशिंगमधल्या फेरीचं. रफिंगच्या मोठ्या कटरने कोपऱ्यात काय ठेवलंय ते बघा. सगळीकडे ०.२ आणि कोपऱ्यात १.५ असेल तर फिनिशिंगचा कटर तिथे रफिंग करतोय. मध्ये लहान कटरने उरलेलं काढून घ्या. अॅल्युमिनियमचा जॉब असेल तर कोटिंगही बघा. स्टीलला चांगला चाललेला अॅल्युमिनियम-टायटॅनियम नायट्राइडचा कटर तिथे चिकटतो. तिथे बिनकोटिंगचा, घासून चकचकीत केलेला घ्या.

८. नव्या प्रकारचा कटर

इथवर सगळं तपासून झालं आणि तरी वेळ किंवा फिनिश बसत नसेल, तरच. मोठ्या उभ्या गोलाईला बॅरल कटर (पिंपासारख्या फुगीर बाजूचा) भारी काम करतो. बाजूची त्रिज्या मोठी असल्याने स्टेपओव्हर कितीतरी वाढवता येतो. पण कॅममध्ये त्याची सोय हवी आणि बहुतेक जॉबला पाच अक्ष लागतात. घेण्याआधी टूल कंपनीच्या अॅप्लिकेशन इंजिनिअरला बोलवा, तो सहसा पैसे घेत नाही. भंगाराच्या ब्लॉकवर तीच त्रिज्या, तोच उतार मारून दाखवायला सांगा. सपाट पट्टीवरचा डेमो बघून मी एकदा फसलोय.

इथे थांबा, हात लावू नका

घुमटावर जिथे एक्स किंवा वाय दिशा उलटते तिथेच पायरी येते, आणि तीन वेगळे कटर लावूनही ती जागा सोडत नाही: हे मशीन बोलतंय. बॅकलॅश (अक्षातली ढील) किंवा सर्व्होचं (अक्ष चालवणाऱ्या मोटरचं) सेटिंग असेल. कंट्रोलमध्ये पॅरामीटर उघडून कुणीतरी सांगितलेला आकडा टाकू नका. सर्व्हिस इंजिनिअर बॉलबारने (मशीन किती गोल फिरतं ते मोजणाऱ्या उपकरणाने) चाचणी घेईल आणि त्यावरून ठरवेल. त्याला फोन करताना जागेचा फोटो, अक्षाचं नाव आणि पायरीची मोजलेली उंची द्या, त्याची अर्धी फेरी वाचते.

टेस्ट बार (तपासणीचा अचूक दांडा) लावला, टेपर पुसला, तरी डायल हलतो. स्पिंडल थंड असताना गुरगुरतो, किंवा नेहमीपेक्षा लवकर तापतो: बंद करा. स्पिंडल ही आपल्या वर्कशॉपमध्ये उघडायची गोष्ट नाही. ‘गुरुवारी सुट्टी आहे, तोवर चालवू’ म्हणून चालवलेला स्पिंडल मी पाहिलाय. बेअरिंग बदलून भागलं असतं, तिथे शाफ्टच गेला.

पाच अक्षांवर कल दिला की माप सरकतं आणि सरळ ठेवलं की बरोबर येतं, तर अक्षांचा मध्य किंवा पोस्ट प्रोसेसर (कॅमचा मार्ग मशीनच्या भाषेत करणारा प्रोग्राम) चुकलाय. ऑफसेटमध्ये ढकलाढकली करून एक जॉब निघेल, पुढचा धडकेल. मशीनवाला आणि कॅमवाला दोघांनाही एकाच दिवशी बोलवा, नाहीतर आठवडाभर ते एकमेकांकडे बोट दाखवतील.

आणि कटर कॅव्हिटीत तुटून आत बसला असेल तर ड्रिल मारू नका, छिन्नीने उचकटू नका. कार्बाइडला ड्रिल लागत नाही, आजूबाजूच्या स्टीलला मात्र लागतं. जॉब तसाच काढून स्पार्कवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू काढणाऱ्याकडे) न्या. तो तुकडा जाळून काढेल आणि गोलाईला ओरखडा पडणार नाही.